लव्हाळ्याची पंगत बदलली

डीएनए बघून झाडांची कुळं ठरवायची, हे मला कित्येक वर्षं नसतं थेर वाटत होतं. डोंबिवलीत मुलांना वनस्पतीशास्त्र शिकवताना माझा सगळा भरवसा बेंथम-हूकर यांच्यावर. 1862 ते 1883 या काळात त्यांनी मांडलेली पद्धत. फूल भिंगाखाली धरा आणि घर शोधा. 1998 साली एपीजी ही नवी मांडणी आली, तेव्हा ‘आता फुलाला विचारायचंच नाही का?’ म्हणून मी स्टाफरूममध्ये तावातावानं भांडलो होतो.

मला वळवलं ते गवतानं.

बेंथम-हूकर यांनी एकदलांच्या अगदी शेवटी गवत आणि लव्हाळा एकाच पंगतीला बसवले, कारण दोघांच्या फुलांत पाकळ्यांच्या जागी तुसं. पण लव्हाळा उपटून बघा: दांडा तिधारी, भरीव, पेरं नाहीत, पानं तीन ओळींत. गवताचा दांडा गोलसर, बहुधा पोकळ, पेरं ठसठशीत, पानं दोन ओळींत. हा फरक मी दरवर्षी फळ्यावर काढायचो आणि तरीही दोघांना शेजारी ठेवायचो. डीएनएनं लव्हाळ्याला उठवून जुंकसच्या कुलाशेजारी नेलं. तुसं दोघांना वेगवेगळ्या वाटांनी आली होती; पराग वाऱ्यावर सोडायचे तर पाकळ्या हव्यात कशाला? याउलट डबक्यातलं पाणकणीस पूर्वी अळवाशेजारी होतं, अननस केळीच्या गटात. आता दोघंही गवताच्या गणात, पोएलीझमध्ये. (अननस पचायला मला फार वेळ लागला.)

मलंगगडाच्या वाटेवर भात निसवलं की सकाळी दहा-अकराच्या सुमारास लोंबीजवळ भिंग घेऊन बसावं. तुसाच्या आत दोन इवले खवले असतात. ते पाणी पिऊन फुगतात, तूस फाकवतात आणि सहा पुंकेसर बाहेर लोंबू लागतात. तासाभरात तूस पुन्हा मिटतं. बहुतेक गवतांना पुंकेसर तीनच. भाताला सहा, आणि कळकालाही सहाच. डीएनए म्हणतं, भात आणि बांबू गवतांच्या एका शाखेतले. नाचणी, ज्वारी, ऊस दुसऱ्या. कोकणातल्या ताटात शेजारी असलेली भात आणि नाचणी तशी लांबचीच म्हणायची!

नाचणीच्या पानाचा आडवा छेद घेतला, तर शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं कडं दिसतं. भाताच्या पानात तसं दिसत नाही. कडक उन्हात कार्बन वाया न घालवण्याची ही सोय गवतांत फक्त त्या दुसऱ्या शाखेतच निर्माण झाली. म्हणजे प्रयोगशाळा सांगत होती तेच माझा जुना मायक्रोस्कोपही दाखवत होता. मग भांडायचं कोणाशी?

ओळख पटवायला मात्र मी आजही ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांचं 1935 सालचं ‘द बॉम्बे ग्रासेस’च उघडतो. मोज्यात कुसळं रुतलेली असताना डीएनए काढत कोण बसणार?