कमळपतंग

गेल्या वर्षी जूनमध्ये पहिलीत आलेल्या एका मुलासाठी मी फळ्यावर 'कप' लिहिलं. दोन्ही अक्षरं त्याला येत होती. अक्षराखाली बोट ठेवून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "क कमळाचा. प पतंगाचा." मी म्हटलं, "शाब्बास! आता दोन्ही जोडून वाच बरं." त्याने क्षणभर फळ्याकडे पाहिलं आणि वाचलं, "कमळपतंग."

वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं होतं, आणि खरं म्हणजे त्याचं काही चुकलंही नव्हतं. आपण जे शिकवलं ते त्याने चोख वापरलं. आपण त्याला चित्र शिकवलं होतं, आवाज शिकवलाच नव्हता.

जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडच्या शाळांमधून मी 26 वर्षं पहिलीचा वर्ग घेते आहे. जिथे जाईन तिथे भिंतीवर तोच तक्ता असतो. त्यावर अक्षर असतं, चित्र असतं, चित्राचं नाव असतं. कमळ या शब्दाचा पहिला तुकडा तोडून घ्यायचा आणि तो या आकाराला द्यायचा, ही गोष्ट आपल्याला इतकी उघड वाटते की मुलाला ती कुणी सांगतच नाही. त्यातून कमळ आमच्या मुलांनी पाहिलेलं नसतं. खटाराही नाही आणि यज्ञही नाही. म्हणजे आधी चित्र पाठ करायचं, मग त्याचं नाव आणि मग अक्षर.

'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' इथे तर तक्ता स्वतःचाच नियम मोडतो. ण किंवा ळ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही, म्हणून हे अक्षर शब्दाच्या शेवटी शोधावं लागतं. चित्राच्या नावाचा पहिला आवाज तोच अक्षराचा आवाज, हे ज्या मुलाने आपलं आपण ताडलेलं असतं, तेच इथे फसतं. ण वर बोट ठेवून "बा" म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना 'ढ' म्हणणारे मोठेही पाहिले आहेत. त्या मुलांइतका नीट विचार वर्गात दुसऱ्या कुणी केलेला नसायचा.

म्हणून माझ्या वर्गात पहिले तीन आठवडे अक्षर नसतं. आम्ही शब्दांचे आवाज ऐकतो. केळी म्हणताना दोन टाळ्या, टमाटे म्हणताना तीन. कापूस म्हटलं की मुलं दोनच टाळ्या वाजवतात: का, पूस. लिहिताना अक्षरं तीन होतात, पण मुलांच्या कानाचं बरोबर असतं. बोलताना शेवटच्या स मधला अ आपण गिळून टाकतो. पुढे हेच मूल अक्षर अक्षर लावत 'कमळ' वाचतं तेव्हा शेवटचा ळ लांबवतं, थांबतं, आपण काय म्हणालो ते स्वतःच ऐकतं आणि मग एकदम नेहमीसारखं "कमळ" म्हणतं. तो थांबण्याचा क्षण फार मोलाचा. तिथे घाईने शब्द सांगून टाकू नये.

माझ्याकडे हातात मावेल एवढा एक आरसा आहे. तो मुलांमध्ये फिरतो. म म्हणताना ओठ मिटतात, ब म्हणतानाही मिटतात, मग फरक कुठे? एका मुलीने नाकावर बोट ठेवून तो शोधला. "मम्म" म्हणताना नाक थरथरतं, ब ला नाक गप्प असतं. त्या दिवशी मधली सुट्टी झाली तरी सगळा वर्ग नाकावर बोट ठेवून फिरत होता. दुसऱ्या एका वर्षी पिशवीतल्या वस्तू आवाजाप्रमाणे लावायला दिल्या, तर एकीने चमचा आणि चाक एका ढिगात टाकले आणि चिंच वेगळी ठेवली. "बाई, हा च वेगळा बोलतो," ती म्हणाली. तिचं खरंच होतं. मराठीत एकाच च चे दोन उच्चार आहेत. 'चार' आणि 'चारा' म्हणून पाहा. आपण लिपीला इतके सरावलो आहोत की हा फरक आपल्याला ऐकूच येईनासा झाला आहे. तिला अजून लिपी यायची होती, म्हणून तो ऐकू आला.

कान तयार झाला की अक्षरं. पण कोणती आधी? वर्णमालेचा क्रम मला फार आवडतो. घशापासून ओठांपर्यंत तोंडातल्या जागा ओळीने लावणारी ही मांडणी आहे. पण तिचं सौंदर्य वाचता येणाऱ्याला दिसतं. सहा वर्षांच्या मुलाला क, ख, ग, घ एकापाठोपाठ दिले तर सारख्या आवाजाची चार अक्षरं एकदम अंगावर येतात. आपल्या जुन्या गमभनमध्ये आकाराचा विचार होता. ती हाताची सोय होती, धूळपाटीवर बोटाने गिरवण्याच्या काळातली. गिरवणाऱ्या हाताला म नंतर भ सोपा जातो. वाचणाऱ्या डोळ्याचा मात्र त्याच जोडीत गोंधळ होतो. घ-ध आणि थ-य यांचंही तसंच.

फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी अक्षरांचे छोटे गट करून वाचन शिकवण्याचं मोठं काम केलं. त्यातून माझे डोळे उघडले. आवाजाने आणि आकाराने एकमेकांपासून लांब असलेली थोडी अक्षरं घ्यायची, आणि बाराखडीची वाट न पाहता काना लगेच द्यायचा. मी क, म, र आणि काना एवढ्यावर सुरुवात करते. काका, मामा, मका, काम, मार, कर, करा. मग एके दिवशी फळ्यावर न बोलता लिहिते: काका काम करा. तीन अक्षरं आणि एक काना, त्यातून अख्खं वाक्य! पहिलं मूल ते वाचून हळूच मागे वळून शेजाऱ्याकडे पाहतं. आजवर त्याने अक्षरं ओळखली होती. फळा आपल्याशी बोलतो हे त्याला आत्ता कळलेलं असतं. ल आणि ब नंतर येतात, मग दुसरी वेलांटी आणि मात्रा. पहिली वेलांटी मी मुद्दाम मागे ठेवते, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. 'कि' ला "इक" वाचणारं मूल डावीकडून उजवीकडे वाचायचा आपलाच नियम पाळत असतं.

आकार बोटांत उतरावा म्हणून बारीक वाळूचं ताट आणि चिंचोके. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच तर केलं. माँटेसरीचा विचार ठेवला, महागडी साधनं सोडली आणि शिंपले, बिया, दगड, पानं हाताशी घेतली. वाळूत मूल अक्षर काढत असताना मी एकच अट घालते, बोट फिरत असेपर्यंत तोंडातून त्याचा आवाज निघाला पाहिजे. मुकाट्याने शंभरदा गिरवलेलं अक्षर मला नको असतं.

आता ळ बद्दल. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका मुलीला केळीचं चित्र दाखवून नाव लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, 'केयी'. मी लाल पेनाने य वर काट मारली आणि वर ळ काढला. त्यानंतर ती कितीतरी दिवस स्वतःहून काही लिहीत नव्हती. फळ्यावरचं उतरवून घ्यायची, बस्स. आमच्या भागात घराघरांत केळीला केयी म्हणतात, डोळ्याला डोया आणि शाळेला शाया. त्या मुलीने शब्द ऐकला होता, तोडला होता आणि प्रत्येक आवाजाला त्याचं अक्षर नेमकं दिलं होतं. आज मी ज्यासाठी जीव टाकते ते तिने एकटीने करून दाखवलं होतं, आणि मी त्यावर काट मारली.

बहिणाबाई चौधरी आमच्याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 साली त्यांची गाणी पुस्तकात आली. त्यात 'ओढाळ' चा 'वढाय' तसाच छापलेला आहे. ती गाणी मुलगा सोपानदेव यांच्यासारख्या घरच्याच माणसांनी उतरवून घेतली. त्यांनी आईच्या तोंडातला य पुसून तिथे ळ बसवला नाही, म्हणून ती आपल्याला तिच्या आवाजात मिळाली. हा विचार मला त्या मुलीच्या वेळी सुचायला हवा होता.

आता मी फळ्याचे दोन भाग करते. एकीकडे घरचं, दुसरीकडे पुस्तकातलं. डोया–डोळा, फया–फळा, शाया–शाळा. आठवड्याभरात मुलं नियम सांगतात, घरी जिथे य तिथे पुस्तकात ळ. लगेच कुणीतरी 'पाय' चा 'पाळ' करतं, आणि मग वर्गात जी चर्चा रंगते ती मी मधे पडून थांबवत नाही. कोणते य हलतात आणि कोणते जागचे हलत नाहीत याची यादी मुलं स्वतः करतात. घरचा रकाना पुसायचा नाही, एवढं मात्र मी पाहते.

कमळपतंगवाला मुलगा फेब्रुवारीत एका दुपारी पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. टाकीवर निळ्या रंगात अक्षरं रंगवलेली होती. मी खिडकीतून पाहत होते. त्याने प वर बोट ठेवलं, काना जोडला. ण पाशी अडला, ओठ हलले, "बाणाचा" म्हणाला असावा. मग बोट वेलांटीवर गेलं. तो मागे वळला आणि खिडकीकडे बघून ओरडला, "बाई, पानी!"

मी हात वर करून हो म्हटलं. त्याने पेला तोटीखाली धरला.