बोर्दोच्या द्राक्षबागेत आई

"दारूचा कारखाना काय बघायचा?" बोर्दो स्टेशनवर गाडीत बसेपर्यंत आईचे हेच चालले होते. आमच्या घरात कुणी त्या वस्तूला शिवत नाही. पण आईचे माहेर तासगावचे, द्राक्षबागायतदारांचे. म्हणून मी हट्ट सोडला नाही.

२०२४ च्या सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. सेंट एमिलियों हे गाव बोर्दोपासून आगगाडीने पाऊण तासाच्या आतच येते. मात्र स्टेशन गावाबाहेर आहे. वीस-पंचवीस मिनिटे बागांमधून चालावे लागते, तेव्हा चपला चांगल्या हव्यात. इथल्या द्राक्षमळ्यांना आणि गावांना १९९९ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतले. गावात अखंड दगडात कोरलेले मध्ययुगीन चर्च आहे. वेरूळ पाहिलेल्या माणसाला त्याचे फारसे नवल वाटत नाही, हे खरे.

आईचे लक्ष मात्र रस्त्याकडेच्या वेलींवर होते. "मांडव कुठाय? आणि ठिबकची नळी?" मांडव नव्हता. कमरेपेक्षा थोड्या उंच, तारेला बांधलेल्या वेलींच्या सरळ रांगा होत्या. पाणी पावसाचे.

आम्ही आधीच वेळ ठरवलेला मळा घरगुती होता. मालकीणबाई पस्तिशीच्या. रांगेच्या टोकाला गुलाब लावलेले होते. पूर्वी म्हणे गुलाबावर रोग आधी दिसायचा, मग बागायतदार वेलींवर गंधक मारायचा. मी हे मराठीत सांगताच आई म्हणाली, "भुरी!" आणि तिथून दुभाषी होण्याशिवाय मला काही काम उरले नाही.

आमच्याकडे वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, पण पीक एकच, हे ऐकून बाई थबकल्या. त्यांच्याकडे थंडीत वेल झोपते, तेव्हा एकदाच छाटतात. खुंटाचीही गोष्ट निघाली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या. शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या वेलींच्या खुंटावर फ्रेंच वाणांची कलमे बांधली गेली. "आमचं डॉगरिज तसलंच," आई म्हणाली. तो खुंटही मूळचा अमेरिकेचाच.

बाईंनी मेर्लोचा एक घड तोडून दिला. मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि गोडी अशी की आपली खायची द्राक्षे फिकी वाटावीत. तळघरात ओकची पिंपे होती. एका पिंपात २२५ लिटर, म्हणजे तीनशे बाटल्या. चव घेण्याच्या टेबलाजवळ एक भांडे ठेवलेले पाहून आईने विचारले, हे कशाला? थुंकायला. "एवढी महागाची वस्तू, आणि थुंकायची?" बाई खळखळून हसल्या.

मग त्या गंभीर झाल्या. पलीकडच्या उघड्या जमिनीकडे त्यांनी बोट दाखवले. शेजाऱ्याची बाग होती. फ्रान्समध्येच लोक आता पूर्वीइतकी वाइन पीत नाहीत. गावातल्या नामांकित बाटल्यांना गिऱ्हाईक असते, पण आसपासच्या साध्या बोर्दोचा भाव खर्चालाही पुरत नाही. २०२३ मध्ये या भागातल्या सुमारे साडेनऊ हजार हेक्टर बागा काढण्यासाठी हेक्टरी सहा हजार युरोंची योजना जाहीर झाली. शेजाऱ्याने पैसे घेतले आणि वेली उपटल्या. तोडलेली खोडे बांधावर अजून रचलेली होती.

आई त्या ढिगाजवळ जाऊन उभी राहिली. माझ्या मामांनी दुष्काळात बाग तोडली, तेव्हा ती आठ दिवस माहेरी जाऊन राहिली होती. मी तेव्हा शाळेत होते. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. आईने एक खोड हातात घेऊन पाहिले आणि परत ठेवले.

निघताना बाईंनी दोघींचे गाल गालाला लावून निरोप घेतला. आई आधी बावरली, मग तिनेच त्यांचा हात धरून ठेवला.

परतीच्या गाडीत बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती. बोर्दो जवळ आल्यावर म्हणाली, "त्या शेजाऱ्याची बाग किती वर्षांची होती गं?"

मी विचारलेच नव्हते.