चिमीच्या पाठीवरचं यंत्र

महाल, नागपूर

चि. सोनूस,


तान्ह्या पोळ्याच्या फोटोत चिमीच्या पाठीवर ते काळं धूड कसलं, असं तू विचारलंस. आणि ते ओळखल्यावर, तू राहतोस तिथे तयार मिळतं, पाठवू का, असंही लगेच म्हणालास. तुझी माया कळते रे. पण पाठवू नकोस. का नको, ते फोनवर दोन मिनिटांत सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

‘घोस्टबस्टर्स’ हा १९८४चा सिनेमा तू पाहिलेला आहेस. त्यातली मंडळी भुतं पकडायला जे यंत्र पाठीवर घेऊन हिंडतात, ते हे. त्या यंत्राचं रूप स्टीफन डेन नावाच्या माणसाने ठरवलं. बाहेरचं कवच फायबरग्लासचं, ते अडकवलेलं अमेरिकन लष्कराच्या पाठपिशवीच्या सांगाड्यावर, आणि वर लावलेल्या नळ्या, सांधे, चपट्या वायरी या कारखान्यांत मिळणाऱ्या साध्या वस्तू. ते इतकं जड झालं की धावपळीच्या दृश्यांसाठी रबरी फोमची हलकी प्रत वेगळी करावी लागली. म्हणजे सिनेमावाल्यांनीही हाताशी होतं ते जोडूनच यंत्र उभं केलं. मला तरी ते त्यामुळेच खरं वाटतं. त्यातली प्रत्येक वस्तू आधी कुठेतरी कामाला आलेली दिसते.

आता चिमीला ते तान्ह्या पोळ्यालाच का हवं होतं, ते ऐक. तू लहानपणी इथला तान्हा पोळा पाहिलास, पण कडेवर होतास, आठवणार नाही. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन तोरणाखाली जमतात, मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी हा सण सुरू केला असं इथे मानतात. बैलाच्या सजावटीबरोबर पोरांच्या वेशभूषेलाही बक्षीस असतं, त्यामुळे दरवर्षी गल्लीत चार-पाच शिवाजी महाराज, दोन-तीन झाशीच्या राण्या आणि एखादा धोतर-फेट्यातला शेतकरी ठरलेला.

त्याच दिवशी इतवारीतून मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, कापड आणि रंग, अशा या प्रचंड बाया. त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे पुतळे, असतात. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी लोकांना जे छळत असेल त्याचा. रोगराई, इडापिडा घेऊन जा असं ओरडत लोक त्यांना मिरवतात आणि शेवटी जाळून टाकतात. मी आजवर बऱ्याच मिरवणुका पाहिल्या, पण अख्खं शहर आपली भीती हाताने घडवतं आणि खांद्यावर घेऊन वेशीबाहेर सोडतं, असं दुसरीकडे पाहिलेलं नाही.

चिमीचं म्हणणं सरळ होतं. मारबत इडापिडा घेऊन जाते, पण एखादं भूत कोपऱ्यात लपून राहिलं तर? ते पकडायला कुणीतरी नको का? मला यावर काही उत्तर सुचलं नाही, आणि सुचायला हवं होतं असंही वाटत नाही. लागलो कामाला.

थर्माकोल आधीच बाद केलं. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, शिवाय त्यावर स्प्रेचा रंग मारला की ते विरघळून खड्डे पडतात. घरात संत्र्याचे खोके होते. जाड, दुहेरी पुठ्ठ्याचे. यंत्राचा खालचा गोल भाग आजीच्या पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाचा. आजीने ते मागायच्या आत काढून दिलं. पोळा येईपर्यंत कूलर माळ्यावर जातातच, तेव्हा जुन्या कूलरच्या पंपाची नळी आणि पंख्याच्या रेग्युलेटरची बटणं सुटी मिळाली. हातातल्या बंदुकीला पीव्हीसी पाईपचा तुकडा, आणि ती यंत्राला जोडायला बेसिनखालचा वळ्यावळ्यांचा पाईप. पट्टे चिमीच्याच जुन्या दप्तराचे. ते मामीने मशीनवर दुहेरी टीप मारून शिवले.

मी खोका कापत ओसरीवर बसलो होतो, तेव्हा आपल्या गल्लीतले एक काका येऊन उभे राहिले. त्यांची उमर बडगे बांधण्यात गेलेली. थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “काय करून राहिले जी? पुठ्ठा आडवा काऊन धरला? त्याच्या आतल्या नळ्या पाहा ना, त्या उभ्या पाहिजे. आणि नुसता पुठ्ठा पाठीवर वाकते, कामट्या टाका आतून.” मग स्वतःच खाली बसले. बुरडाकडून आणलेल्या कामट्या पाण्यात भिजवून त्यांनी वाकवल्या, सुतळीने आडव्या-उभ्या बांधल्या, आणि त्या सांगाड्यावर मी पुठ्ठा बसवला. जिथे गोलाई हवी तिथे पुठ्ठ्यातल्या नळ्यांच्या दिशेनेच वाकवायचा, म्हणजे तो मोडत नाही. वरून वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीत बुडवून थरावर थर. खळीत चिमूटभर मोरचूद घाला, कीड लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. विषारी असतं म्हणून ते काम मी हातमोजे घालून, पोरीला लांब बसवून केलं.

एवढ्यासाठीच तुला विकतचं पाठवू नको म्हणालो. हॅसब्रो कंपनीने २०२१ मध्ये काढलेलं यंत्र तेव्हा ४०० डॉलरला एक सेंट कमी होतं, आणि दिसायला अगदी सिनेमातल्यासारखं आहे, ते मी पाहिलंय. चांगलंच आहे. पण त्याच्या आत मारबतीच्या माणसाने बांधलेली गाठ नाही.

दिव्यांचं तुला आवडेल, तू इलेक्ट्रॉनिक्सवाला. गोल भागात चार लाल दिवे एकामागून एक फिरायला हवेत. दिवाळीची माळ लावा असं सगळे म्हणत होते, पण ती चालते २३० व्होल्टवर, लेकराच्या पाठीवर ती नको. म्हणून ५५५ आणि ४०१७ या चिप, आपली जुनीच जोडी. ५५५ ठोके देतो, ४०१७ ते एकेका दिव्याकडे सरकवतो, आणि पाचवं आउटपुट रिसेटला जोडलं, की पुन्हा पहिल्यापासून. ९ व्होल्टची बॅटरी आणि मध्ये रेझिस्टर. ठोक्याचा वेग कमी-जास्त करायला एक पॉट टाकलंय. त्याची मूठ म्हणजे ते रेग्युलेटरचं बटण. चिमी ते फिरवते तेव्हा दिवे धावायला लागतात, आणि तिची खात्री आहे की भूत जवळ आलं.

पावसाळ्यात रंग वाळता वाळत नाही. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून दोन हात आधी दिले, मग काळा ऑइल पेंट. पण नुसत्या काळ्या रंगाने ते खोकंच दिसत होतं. मग चंदेरी रंगात ब्रश बुडवायचा, जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून टाकायचा, आणि तो सुका ब्रश फक्त कडांवर, कोपऱ्यांवर, बटणांच्या काठावर घासायचा. पाहता पाहता पुठ्ठ्याचं लोखंड झालं. वर्षानुवर्षं हाताळून कडा घासल्यात असं वाटायला लागलं. ही युक्ती नाटकाच्या नेपथ्यवाल्यांची, आणि पहिला हात मारल्यावर चिमी जे ओरडली ते तू ऐकायला हवं होतंस. शेवटी तिने स्वतः विजेच्या डीपीवर असते तशी कवटी आणि ‘धोका ११,००० व्होल्ट’ अशी पाटी रंगवली. फोटोत डाव्या बाजूला दिसते ती तीच.

तोरणाखाली एका हातात लाकडी बैलाची दोरी आणि दुसऱ्या हातात बंदूक घेऊन ती उभी राहिली. बैलाच्या शिंगांनाही तिने लाल रिबिनी बांधल्या होत्या, तोही भुतं पकडणाऱ्या पथकातला म्हणून. बक्षीस एका छोट्या झाशीच्या राणीला मिळालं, आणि ते योग्यच होतं. काय ऐटीत उभी होती ती. चिमीला बोजारा मात्र भरपूर मिळाला, कारण प्रत्येक घरी आधी तिने पलंगाखाली बंदूक फिरवून तिथे भूत नाही याची खात्री करून दिली. गल्लीतल्या आज्यांनी तिला परत परत बोलावलं. ते काका तर तिला पुढल्या वर्षी बडग्याच्या कामाला घेऊन जातो म्हणालेत, आणि मी हो म्हटलंय.

तिकडे हॅलोविनला तुझ्या घरमालकांच्या मुलासाठी असंच करायचं म्हणतोस, तर जरूर कर. त्याच्या मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंतचं माप घेऊन कळव, त्याप्रमाणे पुठ्ठ्याचे कापायचे आकार कागदावर काढून पाठवतो. सर्किटचा कागद सोबत जोडलाय. बांबूच्या कामट्या तिकडे बागेच्या दुकानात मिळतील. सुतळी मिळाली नाही तर कळव, तिकडे कुणी येणार असेल त्याच्यासोबत देतो. नायलॉनची दोरी वापरू नकोस, गाठ सरकते.

आजी आणि मामी आशीर्वाद सांगतात.

तुझा,
मामा