कारणासकट युक्ती

२८ सप्टेंबर २०२५, रविवार. निगडी

सकाळी दहाला प्राधिकरणातल्या क्लासच्या खोलीत आमचा पायथॉनचा गट बसला. रविवारी क्लास बंद असतो आणि सर किल्ली शेजारी ठेवून जातात. येणाऱ्यांत हिंजवडी-तळवड्याच्या आयटी कंपन्यांतले लोक असतात, तसे भोसरी-चाकणच्या कारखान्यांतलेही. हे कारखान्यातले लोक मला फार मोलाचे वाटतात. त्यांच्या पदाच्या नावात ‘डेव्हलपर’ नसतं. कोणी क्वालिटीत, कोणी मेंटेनन्सला, कोणी स्टोअरमध्ये. पण त्यांनी लिहिलेल्या वीस-पंचवीस ओळींवर रोज संध्याकाळचा डिस्पॅच रिपोर्ट निघतो.

आजची अडचण स्टोअरमधल्या मुलाची. “दादा, ईआरपीतून निघालेली सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडली तर पार्ट नंबर ००४५१ नीट दिसतो. पांडाजने वाचला की ४५१ होतो. पुढचं काही जुळतच नाही.”

तळवड्याच्या एका मुलीने लगेच उत्तर दिलं: फाइल वाचतानाच त्या कॉलमचा डी-टाइप ‘स्ट्र’ सांगायचा. उत्तर बरोबर होतं, पण ती तिथे थांबली नाही, हे मला आवडलं. तिने फळ्यावर मांडलं की कॉलममध्ये काय आहे याचा पांडाज अंदाज बांधतं. सगळे आकडे दिसले की ती संख्या समजतं आणि संख्येच्या पुढच्या शून्यांना किंमत नसते. ‘१२ई५’ असा पार्ट नंबर आकड्यांच्या कॉलममध्ये आला तर त्याचे बारा लाख होतात, आणि ‘एनए’ असा कोड असेल तर ती रिकामी जागा ठरते. पार्ट नंबरची आपण कधी बेरीज करत नाही, म्हणजे ती संख्या नव्हे, ते नाव आहे.

मुलगा क्षणभर विचार करून म्हणाला, “मग एम्प्लॉयी कोडचं आणि पिनकोडचंही तेच की.” हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कारण कळल्यामुळे ते त्याचं त्याला सुचलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

रात्री भोसरीच्या क्वालिटीतल्या ताईंचा फोन. “सर, ०.३ पर्यंत पार्ट पास आहे. दोन बाजूंची तफावत ०.१ आणि ०.२, बेरीज ०.३. स्क्रिप्ट रिजेक्ट म्हणते.”

पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले तर ०.३०००००००००००००००४ येतात. दोष पायथॉनचा नाही. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की ३३३ संपत नाहीत, तसा एक दशांश दोनच्या पायावर लिहिताना संपत नाही. यंत्र कुठेतरी तोडतं, आणि तोडलेला तुकडा बेरजेत दिसतो. सी आणि जावातही हेच घडतं.

उपाय त्यांच्याच शॉपमध्ये होता. तिथे सगळे मायक्रॉनमध्ये बोलतात. मापं मायक्रॉनमध्ये पूर्णांक म्हणून साठवली तर १०० अधिक २०० बरोबर ३००, त्यात तसूभर फरक नाही. मिलिमीटरच हवे असतील तर डेसिमल मॉड्यूल वापरायचं, पण त्याला आकडा अवतरणात, मजकूर म्हणून द्यायचा. नाहीतर बिघडलेलाच आकडा आत जातो.

राउंडचीही गोष्ट निघाली. पायथॉनमध्ये २.५ राउंड केले तर २ येतात आणि ३.५ केले तर ४, कारण बरोबर मधोमध असलेला आकडा तो जवळच्या सम संख्येकडे नेतो. सतत वर ढकलत राहिलं तर मोठ्या बेरजेत फुगवटा येतो, तो टाळायला हा नियम. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर वेगळा नियम असेल, तर डेसिमलला तो स्पष्ट सांगता येतो. ताई म्हणाल्या, “म्हणजे आधी कस्टमरला विचारते, कोडला नंतर हात लावते.” क्रम अगदी योग्य.

१ ऑक्टोबर, बुधवार. चाकण, खंडेनवमी

चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या एका लहान कारखान्यात पूजेला गेलो. मशिनं धुऊनपुसून लख्ख, सीएनसीला झेंडूचे हार, टेबलावर व्हर्निअर आणि मायक्रोमीटर मांडून त्यांवर हळद-कुंकू. तपासणीच्या टेबलावरच्या जुन्या संगणकालाही हार होता. त्यावर विंडोज ७ आहे, कारण मोजणीच्या यंत्राचं सॉफ्टवेअर त्याच्यापुढे चालत नाही. नेटवर्कला तो मुद्दामच जोडलेला नाही.

प्रसाद घेता घेता मालकांनी विचारलं, “याच्यावर पायथॉन बसेल का हो?” बसेल, पण ३.८ पर्यंतच, ३.९ पासून विंडोज ७ चा आधार काढून घेतला आहे. इंटरनेट नसताना लायब्ररी कशी न्यायची, तर दुसऱ्या संगणकावर ‘पिप डाउनलोड’ने फाइली उतरवायच्या, पेनड्राइव्हवर घ्यायच्या, आणि इथे ‘नो-इंडेक्स’ व ‘फाइंड-लिंक्स’ हे पर्याय देऊन त्या फोल्डरमधून बसवायच्या. मात्र प्रत्येक व्हील फाइल पायथॉनची ठरावीक आवृत्ती, ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिम आणि ३२ की ६४ बिट यांसाठी बांधलेली असू शकते, आणि ते तिच्या नावातच लिहिलेलं असतं. ते नाव वाचायला शिकलं की ‘बसत नाही’ची निम्मी कोडी तिथेच सुटतात. मालकांच्या मुलाने फाइलचं नाव वहीत उतरवून घेतलं आणि प्रत्येक तुकड्याखाली अर्थ लिहिला.

५ ऑक्टोबर, रविवार. निगडी

आजचा दिवस मेंटेनन्सच्या काकांचा. आयटीआयचे इलेक्ट्रिशियन, निवृत्तीला आलेले. चाकणच्या प्लँटमध्ये कॉम्प्रेसरची वीज मोजायला मीटर बसवलेत, ते आरएस-४८५ च्या तारेवर मॉडबस बोलतात. काका म्हणाले, “मीटरवर बरोबर २३० व्होल्ट दिसतात. माझ्या स्क्रिप्टमध्ये १७२५४ येतात. मीटर बदलायचा का?”

मॉडबस हा १९७९ सालचा प्रोटोकॉल, मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसींसाठी काढलेला. त्याचं रजिस्टर १६ बिटांचं. दशांश चिन्हाचा आकडा ३२ बिटांचा असतो, म्हणून तो शेजारच्या दोन रजिस्टरांत विभागून बसतो. २३० हा आकडा तसा मांडला की पहिल्या रजिस्टरात १७२५४ येतात आणि दुसऱ्यात शून्य. काका फक्त पहिलंच वाचत होते.

आम्ही फळ्यावर बत्तीस चौकोन काढले: एक बिट चिन्हाचा, आठ घातांकाचे, तेवीस अपूर्णांकाचे. काकांनी खडू हातात घेऊन २३० स्वतः मांडले. मग ‘स्ट्रक्ट’ मॉड्यूलने दोन रजिस्टरं जोडली आणि पडद्यावर २३०.० उमटलं. काका म्हणाले, “मीटर खरंच बोलत होता. आपण अर्धंच ऐकत होतो.”

इथे दोन खाचखळगे आहेत. काही उत्पादक खालचा भाग आधी पाठवतात, मग क्रम उलटला की आकडा जवळजवळ शून्य दिसतो. आणि मीटरच्या पुस्तिकेत पत्ता ४०००१ लिहिलेला असला तरी तारेवर तोच पत्ता ० असतो. म्हणून माहीत असलेला एखादा आकडा, जसा डोळ्यांनी दिसणारा व्होल्टेज, आधी जुळवायचा. मगच युनिट आणि पॉवर फॅक्टरकडे जायचं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज पायथॉन ३.१४ आलं. गटात दिवसभर त्याचीच चर्चा. टेम्प्लेट स्ट्रिंग नवी आहे. शिवाय जीआयएल नसलेला, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेड खरोखर समांतर चालवणारा प्रकार आता प्रायोगिक राहिलेला नाही, त्याला अधिकृत आधार मिळाला आहे. मी सगळ्यांना एवढंच सुचवलं की नव्या आवृत्तीसाठी वेगळं ‘व्हेन्व्ह’ करा आणि चालत्या प्लँटवरची आवृत्ती आज हलवू नका. कारण तुम्ही वापरता त्या लायब्ररींची व्हील नव्या आवृत्तीसाठी तयार व्हायला वेळ लागतो.

खीदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत अॅमस्टरडॅमला ही भाषा लिहायला घेतली, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. पुण्याचा तिच्याशी जुना संबंध आहे. २०११ ची ‘पायकॉन इंडिया’ पुण्यात भरली आणि रेमंड हेटिंगर बीजभाषणाला आले होते. २०१७ च्या फेब्रुवारीत ‘पायकॉन पुणे’ झाली. ‘पायथॉन पुणे’ हा गट मोकळेपणाने भेटत आला आहे, आणि सी-पायथॉनच्या मुख्य विकासकांपैकी कुशल दास यांनी पुण्यात राहून कितीतरी नवोदितांना मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आणलं. भाषा मोठी झाली ती अशा मोकळेपणाने सांगणाऱ्यांमुळे. आमची खोली लहान आहे, पण तिथे रीत तीच चालते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तिसऱ्या पाळीचा प्रश्न. रात्री सव्वादोनला बनलेला पार्ट कोणत्या तारखेचा? कॅलेंडर म्हणतं नऊ, कारखाना म्हणतो आठ, कारण तिथला दिवस सकाळी सातला सुरू होतो. चाकणच्या एका मुलाने त्यासाठी जर-तरच्या ओळींचं जंगल उभं केलं होतं.

एक ओळ पुरते: वेळेतून सात तास वजा करा, मग तारीख घ्या. नऊ तारखेच्या सव्वादोनमधून सात तास गेले की आठ तारखेची संध्याकाळची सव्वासात उरते. तारीख आठ, हिशेब कारखान्याचा. महिना किंवा वर्ष बदलतानाही हीच ओळ चालते, कारण सीमारेषा आपण सरकवलेली असते.

दुसरा भाग सर्व्हरचा. तो यूटीसी वेळ लिहितो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. वेळेवर क्षेत्राची खूण असायलाच हवी. ‘झोनइन्फो’त ‘एशिया/कोलकाता’ सांगायचं, आणि विंडोजवर त्यासाठी ‘टीझेडडेटा’ वेगळं बसवायचं. ‘यूटीसीनाऊ’ हे फंक्शन ३.१२ पासून मोडीत काढायला घेतलं आहे, कारण ते बिनखुणेची वेळ देतं आणि वाचणारा तिला स्थानिक समजून बसतो.

१२ ऑक्टोबर, रविवार. निगडी

एचआरच्या ताईंनी आणलेला प्रश्न खास आपल्या लिपीचा होता. “हजेरीत कऱ्हाडे आहेत, पगाराच्या शीटमध्येही आहेत, पण स्क्रिप्टला ती दोन वेगळी माणसं वाटतात.”

पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब. आतली अक्षरं छापून पाहिली तर एकीकडे ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, दुसरीकडे साधा ‘र’ आणि खाली नुक्ता. ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधलं एनएफसी सामान्यीकरण ही दोन्ही रूपं एक करतं. पण तिसरंही रूप आहे: र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. काही कीबोर्ड ते टाकतात. एनएफसी त्याला हात लावत नाही आणि ‘स्ट्रिप’ही काढत नाही, कारण ते मोकळी जागा नाही. ते ‘रिप्लेस’नेच बदलावं लागतं. नावं जुळवण्याआधी ही सफाई एका फंक्शनमध्ये बांधून ठेवायची असं ठरलं.

उलट, देवनागरी आकड्यांना पायथॉन सहज ओळखतो. ‘१२३’ हा मजकूर ‘इंट’ला दिला तर तो एकशे तेवीसच देतो. खोलीत सगळ्यांचे चेहरे खुलले. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ ठेवायचं, म्हणजे सुरुवातीच्या खुणेवरून एक्सेलला लिपी कळते.

नवीन आलेल्या दोन मुलींना आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’बद्दल सांगितलं. तिथे मराठी आवाजातले धडे आहेत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज विंडोज १० चा मोफत आधार संपला. त्यावर बोलताना निघालेली गोष्ट त्याहून महत्त्वाची ठरली. एका कारखान्यात रात्रभर तापमानाची नोंदच झाली नव्हती आणि सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही. स्क्रिप्टमध्ये मोकळा ‘एक्सेप्ट’ होता आणि पुढे ‘पास’. तार निसटली, चूक आली, ती गिळली गेली. अपेक्षित चूक नावाने पकडायची, बाकीच्या वर जाऊ द्यायच्या, आणि पकडलेली प्रत्येक चूक वेळेसकट लॉगमध्ये लिहायची. कारखान्यात थांबलेलं यंत्र दिसतं आणि दुरुस्त होतं. चालू असल्याचं भासवणारं यंत्र जास्त नुकसान करतं.

१९ ऑक्टोबर, रविवार. निगडी

धनत्रयोदशी झाली, उद्या पहिली आंघोळ. बरेच जण लातूर, नांदेड, जळगावकडे गावी गेलेत, त्यामुळे मोजकेच जमलो. एका तरुणाने रोखठोक विचारलं, “सर, आता एआयला विचारलं की कोड मिळतो. मग रविवारी एकत्र कशाला बसायचं?”

उत्तर काकांनी दिलं. “मलाही मिळाला होता की कोड. माझा मीटर खालचा भाग आधी पाठवतो की वरचा, हे त्याला कुठून ठाऊक? ते मीटरपाशी उभं राहून जुळवावं लागतं.” मला वाटतं, सगळा मुद्दा यात आला. कोड आता स्वस्त झाला आहे. कारखान्याचा दिवस केव्हा सुरू होतो, पार्ट नंबर संख्या आहे की नाव, तफावत कुणी आणि कशाने मोजली, हे जाणणारा माणूस स्वस्त झालेला नाही. त्याला कारण कळलं, तर मिळालेला कोड बरोबर आहे का हे तो तपासू शकतो. नुसती युक्ती मिळाली तर तो पुढच्या अडचणीला पुन्हा आपल्या दारात उभा राहतो. टूलरूममधला चांगला उस्ताद शिकाऊ मुलाला फीड किती ठेवायचा हे सांगताना टूल का जळतं हेही दाखवतो, तसंच हे.

म्हणून आजपासून गटाची एक वही ठरली, मराठीत. प्रत्येक पानावर तीन रकाने: काय दिसलं, का झालं, काय केलं. मधला रकाना रिकामा असेल तर पान पूर्ण धरायचं नाही. पहिलं पान काकांचं आहे. दिवाळीनंतर, २ नोव्हेंबरला, तेच शिकवणार आहेत: मीटरच्या नोंदी एसक्यूलाइटमध्ये कशा ठेवायच्या, आणि आधी, त्या एक्सेलमध्ये का ठेवू नयेत.