नवा शब्द, जुना रुसवा

रविवारची सकाळ. हैदराबादमधल्या एका मराठी घरात पोह्यांना अंमळ उशीर झाला होता. घरातला कर्ता मुलगा उगाचच वर्तमानपत्राची पानं आपटत होता, चहा गार आहे म्हणून कुरकुरत होता. एवढ्यात अकरावीतली नात आजोबांच्या कानाशी येऊन कुजबुजली, ''आजोबा, आत्ता बाबांशी बोलू नका हं. ते हँग्री आहेत.''

आजोबा चमकले. सगळी नोकरी त्यांनी इंग्रजी शिकवण्यात घालवली होती. ''काय म्हणालीस? हंग्री की अँग्री?''

''दोन्ही! भुकेपोटी जो राग येतो ना, तो.''

''असा शब्द नाही,'' आजोबांनी निकाल दिला आणि पुरावा म्हणून कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला. त्यात तो शब्द खरोखरच नव्हता. आजोबा विजयी मुद्रेनं हसले. पण नातीनं तोवर फोनवर शोध घेतला होता. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशानं 2018 साली या शब्दाला जागा दिली आहे आणि त्याचा सर्वांत जुना छापील वापर त्यांना 1956 सालचा सापडला आहे. म्हणजे हा नवा शब्द घरातल्या बाबांपेक्षाही वयानं मोठा! तेवढ्यात पोहे आले. दोन बशा पोटात गेल्यावर बाबा गुणगुणू लागले आणि शब्द खरा ठरला.

आजोबांनी मग हार मानली नाही, पण मराठीत तोड मात्र काढली. भूक आणि कोप मिळून 'भुकोप'. भूकंपाशी त्याचं नातं लागतं हे सुनेच्या लक्षात आलं आणि ती खळाळून हसली. त्या दिवसापासून त्या घरात कुकरची शिट्टी लांबली की ''भुकोप व्हायच्या आत पानं घ्या,'' असं म्हणायची पद्धत पडली.

पण आजोबांच्या मनाला एक जुनी गोष्ट टोचू लागली होती. फार वर्षांपूर्वी सहामाही परीक्षेत एका मुलानं लिहिलं होतं की सामना 'प्रीपोन' झाला, म्हणजे ठरल्या दिवसाच्या अलीकडे घेतला गेला. सरांनी लाल शाईनं तो शब्द खोडला आणि अर्धा गुण कापला. मुलगा धीट होता. ''सर, पोस्टपोन असतं, तर प्रीपोन का नाही?'' त्यानं विचारलं. सरांनी त्याला खाली बसवलं. उत्तर मात्र दिलं नाही, कारण त्यांच्यापाशी ते नव्हतं. पुढं रेल्वेच्या कचेरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत साऱ्या देशाची कामं 'प्रीपोन' होऊ लागली आणि आज तो शब्द ऑक्सफर्डच्या कोशात बसला आहे. भारतीय वापर असा शिक्का त्याच्यावर आहे, पण जागा पक्की आहे. कापलेला अर्धा गुण मात्र कापलेलाच राहिला.

आजोबांनी ठरवलं, या नव्या शब्दांची एकदा नीट झडती घ्यायची. निवृत्त माणसापाशी वेळ असतो आणि मास्तरांपाशी चिकाटी. दुपारच्या दुपारी वाचनालयात जाऊ लागले.

पहिला धक्का न्याहारीनंच दिला. न्याहारी आणि जेवण यांच्या मधलं जे उशिराचं खाणं, त्याला 'ब्रंच' म्हणायचं हे एका इंग्रज लेखकानं 1895 साली मांडलं. शनिवारी रात्री जागरण करणाऱ्यांना रविवारी सकाळी लवकर उठावं लागू नये, असा त्याचा कळकळीचा युक्तिवाद होता! दिल्लीच्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत झळकणारा 'स्मॉग' हा शब्द, धूर आणि धुकं यांना एकत्र बांधून, लंडनच्या एका डॉक्टरनं 1905 साली लोकांपुढं ठेवला. म्हणजे आजोबांनी ज्यांना आयुष्यभर भारदस्त इंग्रजी मानलं, तेही एकेकाळी कुणीतरी जोडून बनवलेलेच शब्द.

या जोडकामाला नावही एका गमत्या माणसानंच दिलं आहे. 'ॲलिस'च्या गोष्टी लिहिणाऱ्या लुइस कॅरलनं 1871 सालच्या आपल्या दुसऱ्या पुस्तकात हम्प्टी डम्प्टीच्या तोंडून सांगितलं की, दोन कप्प्यांच्या प्रवासी बॅगेसारखे हे शब्द असतात, एका शब्दात दोन अर्थ भरलेले. अशा बॅगेला तेव्हा 'पोर्टमँटो' म्हणत. बॅग फॅशनमधून गेली, पण जोडशब्दांना ते नाव चिकटून राहिलं. त्याच पुस्तकातल्या कवितेत कॅरलनं गालात हसणं आणि नाकानं फुरफुरणं एकत्र करून 'चॉर्टल' शब्द बनवला. आज तो प्रत्येक कोशात आहे.

दुसरा धक्का मोठा होता. आजोबांचे लाडके लेखक म्हणजे 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणारे जोनाथन स्विफ्ट. या स्विफ्टसाहेबांनी 1710 साली एका नियतकालिकात नव्या शब्दांवर आगपाखड केली होती. त्यांना ज्या शब्दांचा संताप येत असे, त्यात 'मॉब' आणि 'बँटर' होते. मूळ लांबलचक लॅटिन शब्दाचं शेपूट तोडून लोकांनी 'मॉब' केला, हे त्यांना मुळीच सहन होत नव्हतं. हे शब्द थोपवण्यासाठी आपण वर्षानुवर्षं झटलो, पण संख्येपुढं हरलो, अशी कबुलीही त्यांनी दिली आहे. आज 'मॉब' म्हटल्यावर कुणाला तो उथळ शब्द वाटेल?

गंमत पुढंच आहे. नव्या शब्दांचे हे कट्टर वैरी स्वतःच नवे शब्द जन्माला घालून गेले. 1726 सालच्या 'गलिव्हर'मध्ये त्यांनी रानटी माणसांसाठी 'याहू' हे नाव बनवलं आणि तब्बल अडीच शतकांनंतर दोन तरुणांनी ते हौसेनं आपल्या इंटरनेट कंपनीला दिलं. 'व्हेनेसा' हे मुलीचं नावही स्विफ्ट यांनीच घडवलं. म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणातलं रोप तण वाटावं आणि आपल्या कुंडीतलं मात्र तुळस, तशातलीच ही गत!

अमेरिकेतले थोर पुढारी बेंजामिन फ्रँकलिन यांचीही तीच तऱ्हा. 1789 साली कोशकार नोहा वेब्स्टर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तक्रार केली की, लोक 'नोटीस' आणि 'प्रोग्रेस' ही चांगली नामं क्रियापदांसारखी वापरू लागले आहेत. हे थांबवा, अशी त्यांची विनंती. आज तेच शब्द क्रियापद म्हणून शाळेत शिकवले जातात आणि तक्रार असते ती 'गूगल करणं' या क्रियापदाची. ते क्रियापदही 2006 सालीच ऑक्सफर्डच्या कोशात गेलं आहे.

आणि या 'गूगल'चं मूळ तरी काय? 1920च्या सुमारास एडवर्ड कास्नर नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं आपल्या नऊ वर्षांच्या भाच्याला विचारलं की, एकावर शंभर शून्यं लिहिली तर त्या संख्येला काय म्हणावं? पोरानं सांगितलं, 'गूगॉल'. कंपनीचं नाव त्यावरूनच, स्पेलिंग बदलून, आलं. एका मामानं भाच्याला गप्प बसवलं नाही, म्हणून जगाला एक शब्द मिळाला. हे वाचताना आजोबांना पुन्हा तो प्रीपोनवाला मुलगा आठवला.

अर्थात प्रत्येक नवा शब्द टिकतोच असं नाही. आजोबांनी एकदा उत्साहाच्या भरात नातीच्या मैत्रिणींसमोर 'रिझ' शब्द वापरला. करिश्म्याच्या इंग्रजी रूपातला मधला तुकडा उचलून पोरांनी केलेला हा शब्द. समोरच्यावर छाप पाडण्याची, मोहवण्याची कला असा त्याचा अर्थ. ऑक्सफर्डनं 2023 साली त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं होतं. मुलींनी एकमेकींकडं पाहिलं आणि तोंडं दाबून हसल्या. ''आजोबा, तुम्ही म्हणालात ना, आता तो शब्द संपला!'' नात म्हणाली. त्यात तथ्यही होतं. तरुणांचे बरेच शब्द म्हणजे त्यांच्या अंगणाचं कुंपण. मोठी माणसं कुंपण ओलांडून आत आली की मुलं नवं कुंपण घालतात. आजोबांच्या कॉलेजच्या काळात 'ग्रूव्ही' म्हणणारी मुलं होतीच की. कुठं गेला तो शब्द?

मग टिकतो कोण? ज्याची जागा रिकामी होती, तो. 1983 साली डग्लस ॲडम्स आणि जॉन लॉइड या दोघांनी 'द मीनिंग ऑफ लिफ' नावाचं एक गमतीदार पुस्तक केलं. ज्या अनुभवांना नावच नाही, त्यांना त्यांनी गावांची नावं देऊन टाकली. स्वयंपाकघरात येऊन, आपण इथं कशाला आलो होतो याचा विचार करत उभं राहणं, हे त्यांच्या हिशेबी 'वोकिंग'. आजोबा दिवसातून तीनदा वोकिंग करत. नाव मिळाल्यावर त्याची धास्ती थोडी कमी झाली.

पण एका दुखण्याला नाव मिळत नव्हतं. आजी गेल्यापासून आजोबांना बोलायला रात्रीचं जेवण एवढीच एक वेळ होती. टेबलावर सगळे असत आणि कुणीच नसे. मुलाच्या डाव्या हातात फोन, सुनेच्या ताटाशेजारी फोन, नातीच्या मांडीवर फोन. आजोबा एखादी गोष्ट सांगायला लागत. ''हं, हं'' येत राहत. माना मात्र खालीच. मग गोष्ट अर्धी टाकून ते आपलं ताट उचलून आत नेत. ''माझ्याशी बोला,'' असं म्हणावं तर ती विनवणी वाटे. ''फोन ठेवा,'' म्हणावं तर मास्तरकी. रागवावं तर जेवणाचा बेरंग. असा तो रुसवा पोटात राही.

वाचनालयातच त्यांना तो शब्द भेटला. 2012 साली ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी शब्दकोशाच्या प्रचारासाठी एका जाहिरात संस्थेनं कोशकार, लेखक, कवी यांना एकत्र बसवलं आणि फोनमध्ये डोकं घालून समोरच्या माणसाचा अव्हेर करण्याला शब्द शोधायला सांगितलं. फोन आणि स्नबिंग, म्हणजे अव्हेर, यांतून निघाला 'फबिंग'. आजोबांनी तो वहीत लिहून घेतला आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्या रात्री पानात भरली वांगी होती. आजोबांनी गोष्ट सुरू केली. माना खाली. आजोबा थांबले आणि अगदी वर्गात हजेरी घ्यावी तशा शांत आवाजात म्हणाले, ''आज फबिंग जरा जास्त झालंय.''

तीन माना एकदम वर आल्या. ''काय झालंय?'' मुलानं विचारलं. नातीनं मात्र कपाळावर हात मारला. ''आजोबा! तुम्हाला हा शब्द कुठून कळला?'' तिनं अर्थ सांगितला. सांगता सांगता तिचा आवाज खाली आला. सून काही बोलली नाही. तिनं आजोबांच्या पानात आणखी एक वांगं वाढलं. मुलानं फोन पालथा घातला आणि म्हणाला, ''बाबा, तुम्ही काहीतरी सांगत होतात.''

हेच वाक्य आजोबांनी मराठीत, साध्या सरळ भाषेत म्हटलं असतं, तर कदाचित वादाला तोंड फुटलं असतं. नवा शब्द हसत आला, म्हणून आत येऊ शकला. त्यात कुणावर आरोप नव्हता. आणि जे म्हणायचं होतं, ते सगळं होतं.

आजोबांनी मग प्रीपोनवाल्या मुलाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. सरांनी त्याला खाली बसवलं, इथवर ते आले, तेव्हा नातीनं विचारलं, ''मग त्याचा अर्धा गुण नंतर दिलात की नाही?''

''नाही गं बाळ,'' आजोबा म्हणाले. ''द्यायला हवा होता.''