कारवारची दोन दिवसांची सुट्टी आणि राण्यांचा रस्ता

बेळ्ळंदूरला येऊन आता वर्ष होत आलं. ई.आर.ई. पोस्टिंग म्हणजे काय ते तुम्हा जुन्या लोकांना सांगायला नको. सकाळी पीटी, मग दिवसभर खुर्ची, फायली, संगणक आणि संध्याकाळी आउटर रिंग रोडवर मुंगीच्या चालीने सरकणारे लाल दिवे. पलटणीत असताना पाय दुखायचे, इथे कंबर दुखते. म्हणून ठरवलं की दर दोन महिन्यांनी एक शनिवार-रविवार अंगाला घाम येईल अशा ठिकाणी काढायचा. मॉल नाही, सिनेमा नाही. या वेळी कारवार.

बरोबर आमचा शिरोळचा हवालदार होता. बेंगळुरूहून कारवारला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीचं नाव 'पंचगंगा एक्सप्रेस' आहे हे कळल्यावर तो म्हणाला, "साहेब, आमच्या नदीच्या नावाची गाडी हाय म्हंजे जायाच पायजे." या पंचगंगेचा कोल्हापूरच्या पंचगंगेशी संबंध नाही हे मी त्याला कारवार येईपर्यंत सांगितलं नाही.

शनिवारची एक सीएल टाकली की हिशोब जमतो. शुक्रवारी संध्याकाळी गाडी धरायची, शनिवारी सकाळी कारवार. रविवारी संध्याकाळी परतीची गाडी, सोमवारी सकाळी बेंगळुरू. सोमवारची सकाळ आऊटपासमध्ये आधीच मागून घ्यावी, नाहीतर गाडी उशिरा आली की धावपळ होते. वाटेत सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड हा घाट 57 बोगद्यांचा आहे. अंधारात दिसत काही नाही, पण बोगदा आला की गाडीचा आवाज बदलतो. हवालदाराने सतरापर्यंत मोजले आणि झोपला.

कारवारला उतरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती भाषा. पाट्या कानडी, बोलणं कोकणी, आणि आपण मराठीत विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा मराठीतच येतं. याला इतिहास आहे. उत्तर कानडा जिल्हा 1862 पासून मुंबई इलाख्यात होता, आणि 1956 ला राज्यांची फेररचना होईपर्यंत तो मुंबईकडेच राहिला. कारवारचा पोरगा पोटासाठी किंवा फौजेत जायला निघाला की त्याचं तोंड मुंबई-पुण्याकडे असायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सामान लॉजवर टाकून आम्ही थेट किनाऱ्यावर गेलो. रवींद्रनाथ टागोरांचं नाव या किनाऱ्याला आहे. त्यांचे मोठे भाऊ सत्येंद्रनाथ, आयसीएसमधले पहिले हिंदी माणूस, इथे न्यायाधीश होते आणि तरुण रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले होते. आम्ही ओल्या वाळूवर अनवाणी पाच किलोमीटर पळालो. बूट घालून पक्क्या रस्त्यावर दहा पळणं सोपं, वाळूत पाच कठीण. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या सांगतात. पोहलो ते किनाऱ्याच्या मधल्या भागात, कमरेएवढ्या पाण्यात. काळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ओढ असते, त्या बाजूला पोहायला जाऊ नये.

किनाऱ्याला लागूनच आयएनएस चपळ ही नौदलाची क्षेपणास्त्र नौका जमिनीवर चढवून ठेवली आहे. चार क्षेपणास्त्रं वाहणारी छोटी बोट. डिसेंबर 1971 मध्ये निपात, निर्घात आणि वीर या बोटींनी कराचीवर हल्ला केला, ती तिची थोरली भावंडं. चपळ स्वतः 1976 मध्ये नौदलात आली. आत वाकून वाकून चालावं लागतं. आम्हा पायदळवाल्यांना बंकरची सवय, तरी हवालदाराने दोनदा डोकं आपटून घेतलं.

आणि याच आवारात मेजर राम राघोबा राणे, परमवीर चक्र, यांचा पुतळा आहे. 7 नोव्हेंबर 2006 ला त्याचं अनावरण झालं. आम्ही दोघांनी सॅल्यूट केला. शेजारी सहलीला आलेली पोरं फोटो काढत होती. त्यातल्या एकाने हवालदाराला विचारलं, "यांनी किती जणांना मारलं?" हवालदाराने माझ्याकडे पाहिलं.

ही गोष्ट त्या पोराला सांगितली तशी इथे लिहितो.

राणे 26 जून 1918 चे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे. वडील पोलिसात. 1940 मध्ये ते बॉम्बे इंजिनियर्समध्ये भरती झाले. मुंबई इलाख्याचं पोर मुंबईच्या सॅपर्समध्ये गेलं, मघाशी म्हणालो ते हेच. ब्रह्मदेशात लढले, शिपायापासून वर चढत गेले आणि डिसेंबर 1947 मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. चारच महिन्यांनी, एप्रिल 1948 मध्ये, आपली फौज नौशेराहून राजौरीकडे निघाली. 8 एप्रिलला 4 डोग्राने बरवाली रिज घेतली. पण पुढे रस्ता बंद होता. झाडं पाडलेली, अडथळे रचलेले, जमिनीत सुरुंग. रणगाडे पुढे जाईनात, आणि राजौरीत लोक मरत होते.

राण्यांची 37 असॉल्ट फील्ड कंपनीची तुकडी कामाला लागली तोच मॉर्टरचा मारा आला. दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणेही होते. तरी काम थांबलं नाही. 9 तारखेला सलग बारा तास, 10 ला सुरुंग पेरलेली पाच मोठी पाइनची झाडं वाटेतून दूर केली, ती मशीनगनच्या माऱ्याखाली. 11 ला चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा झाला तरी पुढे काम चालूच, त्या दिवशी एकूण सतरा तास. एका ठिकाणी राणे रणगाड्याखाली, दोन पट्ट्यांच्या मधे सरपटत गेले आणि वरच्या चालकाला दोऱ्या ओढून इशारे देत राहिले, असं त्यांच्याबद्दल लिहून ठेवलेलं आहे. 12 एप्रिलला आपली फौज राजौरीत पोचली. हयातीत परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. 1968 मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, 11 जुलै 1994 ला पुण्यात वारले.

पोराच्या प्रश्नाचं उत्तर असं, की त्यांचं शौर्य मारलेल्यांच्या आकड्यात नाही. त्यांनी रस्ता मोकळा केला.

मी त्या भागात दोन वर्षं काढली आहेत. चिंगसला जुनी मुघल सराई आहे, जहांगीर काश्मीरहून परतताना वारला तेव्हा त्याची आतडी तिथे पुरली म्हणतात. आता तिथून डांबरी रस्ता जातो, बस जातात, शाळेच्या गाड्या जातात. आर.ओ.पी.ला आम्ही पहाटे काठ्या आणि डिटेक्टर घेऊन निघायचो. आठच्या सुमारास 'रोड क्लिअर'चा संदेश गेला की पहिली कॉन्व्हॉय सुटायची. त्या कॉन्व्हॉयमधल्या कुणाला आमची तोंडं कधी दिसली नाहीत. या कामाचं असंच असतं. शिखर जिंकलं तर तिथे झेंडा लावता येतो. साफ केलेल्या रस्त्यावर काहीच उरत नाही, आणि काही न उरणं हेच काम झाल्याचं लक्षण.

बेळ्ळंदूरलाही एक असा दिवस होऊन गेला. शहराच्या सांडपाण्याने फेसाळलेल्या आमच्या तळ्याला 19 जानेवारी 2018 ला मोठी आग लागली. शेजारच्या एएससी सेंटरचे सुमारे 5,000 जवान बादल्या, पंप, हाताला येईल ते घेऊन उतरले आणि सात तास झुंजले. आज तळ्याच्या कडेने पळताना तिथे त्या दिवसाची काही खूण दिसत नाही. आग पसरली नाही, एवढंच.

दुपारी बांगड्याचं जेवण आणि वर सोलकढी. ऊन उतरल्यावर काळीच्या पुलापलीकडे सदाशिवगड. चढ फार नाही, पण आम्ही तो थांबे न घेता चढलो. बुरुजांचे अवशेष आहेत, दुर्गादेवीचं मंदिर आहे, आणि वरून नदी आणि समुद्र एकत्र दिसतात. दक्षिणेकडे नौदलाचा कदंब तळ. 1986 मध्ये पायाभरणी, 2005 मध्ये कार्यान्वित. त्यासाठी किनाऱ्यावरच्या हजारो कुटुंबांनी घरं सोडली. रस्ता, तळ, रेंज, काहीही उभं राहतं तेव्हा कुणीतरी जागा मोकळी करून दिलेली असते, हे वर्दीवाल्याने विसरू नये. तळाच्या बाजूला कॅमेरा रोखू नका, हे वेगळं सांगायला नकोच.

रविवारी सकाळी चेंडियाला गेलो, कारवारपासून साधारण दहा किलोमीटर. गावामागे नागरमडी नावाचा धबधबा आहे. खडकांवरून वाट काढत जायचं, दगड शेवाळलेले, आणि शेवटी मोठ्या शिळांच्या कपारीत पाणी कोसळतं. पावसाळ्यात जाऊ नये. पाऊस सरल्यावर पाणीही असतं आणि वाटही. थंडगार पाण्यात डुबकी मारून हवालदार वर आला आणि म्हणाला, "साहेब, राणेसाहेब ल्हानपणी हितं आलं असतील न्हवं?"

"आले असतील," मी म्हटलं. गावातलं पोर, दुसरीकडे कुठे जाणार.

2023 मध्ये अंदमानातल्या एका बेटाला राण्यांचं नाव दिलं गेलं. त्याआधी शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजालाही होतं. चांगलंच झालं. पण गोव्याला निघालेल्या आपल्या मराठी गाड्यांनी, आणि सुट्टीवरून परतणाऱ्या जवानांनीही, तासभर कारवारला थांबावं असं मला वाटतं. किनाऱ्यावर पळा, बोट पाहा, पुतळ्यापाशी उभे राहा. बरोबर मुलं असतील तर त्यांना सांगा, की या माणसाच्या हातात चार दिवस सुरुंग होते आणि त्यांच्या मागून आख्खी फौज चालत गेली.

1948 च्या त्या मोहिमेतल्या सॅपर्सबद्दल घरच्या वडीलधाऱ्यांकडून कुणी काही ऐकलं असेल तर जरूर कळवा. पुढच्या खेपेला पाऊस सरल्यावर पुन्हा जायचं आहे. हवालदाराने बोगदे मोजायचे राहिलेत.

जय हिंद.