शेवटच्या बाळंतपणात काय झालं होतं?

आज माझी एक चूक तुम्हाला सांगणार आहे. तुमच्या घरातल्या एखाद्या बाईला तिचा उपयोग होईल.

साधारण १५ वर्षांपूर्वी पस्तिशीची एक बाई सासूबरोबर दवाखान्यात आली. सतत थकवा, थंडी सोसत नाही, भूक नाही, उठलं की चक्कर. रक्तवाढीच्या गोळ्या, टॉनिकं, सलाइन सगळं करून झालेलं. चेहरा फिकट, वरचा रक्तदाब ९०. तपासणीत थायरॉइडचं टी-४ कमी आलं, पण टीएसएच नॉर्मल होतं. टी-४ कमी असेल तर टीएसएच वाढायला हवं. ही विसंगती मला खटकायला हवी होती. मी थायरॉइडची गोळी लिहून दिली आणि मोकळा झालो.

दहा दिवसांनी तिला रिक्षात घालून आणलं. उलट्या, अर्धवट शुद्ध, वरचा रक्तदाब ७०, रक्तातलं सोडियम ११४. मी घाबरून माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "शेवटच्या बाळंतपणात काय झालं होतं?"

सासूबाई म्हणाल्या, "लई रगत गेलं होतं, डॉक्टर. बाटल्या चढवल्या तवा वाचली. पन दूध काय उतरलंच न्हाई. पोराला गाईच्या दुधावर वाढवलं."

आणि पाळी? नऊ वर्षांत एकदाही आली नव्हती. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

या आजाराला शीहान सिंड्रोम म्हणतात. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. गरोदरपणात ती मोठी होते, तिला जास्त रक्त लागतं. प्रसूतीत फार रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला, तर तिच्या पेशी मरतात. मग तिच्या हुकमावर चालणाऱ्या थायरॉइड, बीजांडकोश आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी मंदावतात. हे सगळं इतकं सावकाश होतं, की निदानाला कधीकधी कितीतरी वर्षं जातात.

ॲड्रिनलमधलं कॉर्टिसॉल आपल्याला आजारपणाचा ताण सोसायला मदत करतं. तिच्याकडे ते अगदी थोडं होतं. थायरॉइडच्या गोळीने शरीराचा वेग वाढला आणि ते थोडंही अपुरं पडलं. म्हणून नियम असा: दोन्हींची कमतरता असेल, तर आधी कॉर्टिसॉल आणि मगच थायरॉइड. हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि तिने चहा मागितला.

तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, नंतर दूध आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही, काखेतले केस गळले, थकवा जात नाही, यांतलं काही असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. लाजू नका, आपणहून सांगा. सकाळी आठच्या सुमाराला कॉर्टिसॉल, त्याबरोबर टी-४, टीएसएच आणि पिट्यूटरीची इतर हार्मोन्स तपासतात. गरज पडली तर एमआरआय करतात.

उपचार महागडे नाहीत, पण बहुतेक वेळा जन्मभर घ्यावे लागतात. हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोनची गोळी म्हणजे स्टेरॉइडच. ते नाव ऐकून शेजारीपाजारी घाबरवतील. पण इथे आपण बाहेरून जास्तीचं काही देत नाही, शरीरात जे बनत नाही तेवढंच भरून काढतो. ती गोळी मनाने कधीही बंद करू नका. ताप आला तर डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे डोस वाढवायचा, सहसा दुप्पट. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर वेळ न घालवता दवाखाना गाठून इंजेक्शन घ्यायचं. ऑपरेशनआधी डॉक्टरांना या गोळीबद्दल सांगायचं. आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी कायम पर्समध्ये ठेवायची.

ती बाई अजून माझ्याकडे येते. मागच्या वेळी मुलाच्या कॉलेज प्रवेशाचे पेढे घेऊन आली होती. तेव्हापासून थकव्याची तक्रार घेऊन कुणी बाई आली, की नाडी पाहता पाहता मी तो प्रश्न विचारतोच.